तंबाखूची लघवी तपासणी : रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही?

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधल्या लोकांचे केस अचानक गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक गावात आलं आणि नमुने घेऊन गेलं.

पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. रेशनच्या गव्हातून आलेलं जास्तीचं सेलेनियम हे केसगळतीचं कारण असल्याचं त्यांनी म्हटलं. त्यांनी दिलेल्या माहितीनुसार बाधितांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं.

या प्रकरणातून एक गोष्ट जिल्ह्याने जवळून पाहिली. शरीरात काय गेलं हे माणसाला माहीत नसलं, तरी लघवीतून ते कळू शकतं.

याच तत्त्वावर चालणारी आणखी एक तपासणी आहे, तंबाखूची. शरीरात तंबाखू गेलाय की नाही, हे प्रयोगशाळा लघवीच्या काही थेंबांवरून सांगू शकते. शेगावमध्ये लोकांना कारण माहीतच नव्हतं. तंबाखूच्या बाबतीत कारण बहुतेक वेळा माहीत असतं, पण ते सांगितलं जात नाही. कधी लाजेपोटी, कधी विम्याचा हप्ता वाढेल म्हणून, तर कधी 'मिश्री म्हणजे काय तंबाखू थोडीच' असं वाटतं म्हणून.

ही तपासणी नेमकी काय आहे? तिच्यावर किती विसंबायचं? आणि खर्रा, तंबाखू-चुना, मिश्री घेणाऱ्या भागात तिचा अर्थ कसा लावायचा? समजून घेऊया.

मुळात तपासणीची गरज का पडते?

देशात तंबाखू किती लोक घेतात, याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आकडा 'ग्लोबल अ‍ॅडल्ट टोबॅको सर्व्हे' म्हणजे गॅट्सचा आहे. २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते.

त्यातली विभागणी आणखी महत्त्वाची आहे. धूम्रपान करणारे होते फक्त ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायचा, दाढेत धरायचा किंवा हिरड्यांना लावायचा तंबाखू घेणारे होते २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्रातला तंबाखूचा प्रश्न मुख्यतः सिगारेटचा नाही. तो पुडीचा, चुनाळीचा आणि मिश्रीच्या डबीचा आहे.

पण हे आकडे घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नांवर उभे आहेत. घरात सासू-सासरे बसलेले असताना सून 'हो, मी मिश्री लावते' असं सांगेलच असं नाही. कॉलेजचा मुलगा वडिलांसमोर खर्र्याचं नाव काढणार नाही. डॉक्टरांनी 'सोडला का तंबाखू?' असं विचारल्यावर 'केव्हाच सोडला' म्हणणारेही असतात.

अशा वेळी उत्तराची पडताळणी करायला शरीरातलाच पुरावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळा एका पदार्थाचा शोध घेते. त्याचं नाव कोटिनिन.

कोटिनिन म्हणजे काय?

तंबाखूतलं निकोटिन रक्तात गेलं की यकृत त्याची विल्हेवाट लावायला घेतं. बहुतेकांच्या शरीरात सुमारे ७० ते ८० टक्के निकोटिनचं रूपांतर कोटिनिनमध्ये होतं. पुढे हे कोटिनिन आणि त्यापासून बनणारे इतर घटक लघवीवाटे बाहेर पडतात.

मग थेट निकोटिनच का मोजत नाहीत? कारण ते फार लवकर निघून जातं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सकाळी तंबाखू खाल्लेल्या माणसाची संध्याकाळी तपासणी केली, तर निकोटिन जवळपास संपलेलं असू शकतं. कोटिनिनला मात्र निम्म्यावर यायला सरासरी १६ तास लागतात. त्यामुळे ते दिवसचे दिवस सापडत राहतं.

कोटिनिन रक्तात आणि लाळेतही मोजता येतं. तरी लघवीला पसंती मिळते, कारण सुई टोचावी लागत नाही आणि रक्ताच्या तुलनेत लघवीत कोटिनिनचं प्रमाण काही पटींनी जास्त असतं.

तपासणी कशी होते?

पहिला प्रकार पट्टीचा आहे. गर्भधारणेच्या किटसारखीच ही पट्टी दिसते. लघवीचे थेंब टाकले की काही मिनिटांत रेषा उमटतात. पण इथे एक गोंधळ हमखास होतो. गर्भधारणेच्या किटवर दोन रेषा म्हणजे 'पॉझिटिव्ह'. कोटिनिनच्या पट्टीवर मात्र उलटं असतं. दोन रेषा म्हणजे 'निगेटिव्ह' आणि फक्त नियंत्रण रेषा उमटली तर 'पॉझिटिव्ह'. नमुन्यात कोटिनिन पुरेसं असेल तर ते दुसरी रेषा उमटूच देत नाही. नियंत्रण रेषाच आली नाही, तर चाचणी बाद.

दुसरा प्रकार प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचा. यात फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच उत्तर मिळत नाही, तर लघवीच्या दर मिलिलिटरमागे किती नॅनोग्रॅम कोटिनिन आहे, हा आकडा मिळतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

तिसरा प्रकार सर्वांत अचूक आणि खर्चिक आहे, मास स्पेक्ट्रोमेट्रीचा. पहिल्या चाचणीबद्दल वाद झाला किंवा संशोधनासाठी नेमका आकडा हवा असेल, तर तो वापरतात.

भरपूर पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते आणि कोटिनिनचं प्रमाण कमी दिसतं. म्हणून चांगल्या तपासणीत सोबत क्रिएटिनिनही मोजतात. त्यावरून नमुना किती पातळ आहे, याचा अंदाज येतो.

किती दिवसांपर्यंत सापडतं?

'तंबाखू सोडल्यावर किती दिवसांनी रिपोर्ट साफ येतो?' हा लोकांचा नेहमीचा प्रश्न. याचं एकच एक उत्तर नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं : सुरुवातीला शरीरात किती कोटिनिन होतं आणि प्रयोगशाळेने मर्यादा किती ठेवली आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, रोज तंबाखू खाणाऱ्या एका माणसाच्या लघवीत मिलिलिटरमागे ३,२०० नॅनोग्रॅम कोटिनिन आहे आणि आज त्याने तंबाखू पूर्ण थांबवला. दर १६ तासांनी प्रमाण निम्मं होईल असं धरलं, तर ते १,६००, ८००, ४०० असं उतरत ६४ तासांनी २०० वर येईल. ९६ तासांनी, म्हणजे बरोबर चार दिवसांनी, ५० वर येईल.

आता गंमत बघा. बाजारातल्या अनेक पट्ट्यांची मर्यादा २०० नॅनोग्रॅम असते, तर संशोधनात ५० किंवा त्याहून कमी मर्यादा वापरतात. आपल्या उदाहरणातल्या माणसाची तिसऱ्या दिवसाअखेर तपासणी केली, तर प्रमाण १४० च्या आसपास असेल. २०० च्या पट्टीवर तो 'तंबाखू न घेणारा' ठरेल आणि ५० च्या मर्यादेवर 'घेणारा'. माणूस तोच, नमुनाही तोच. फक्त मर्यादा बदलली.

म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असं लिहिलेला रिपोर्ट अपुरा असतो. त्यावर मर्यादा किती धरली आहे, हे पाहायलाच हवं.

प्रत्यक्षात माणसामाणसांत फरकही असतो. काहींचं यकृत जन्मतःच हे काम हळू करतं, काहींचं वेगाने. खूप जास्त तंबाखू घेणाऱ्यांमध्ये कोटिनिन आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळही सापडू शकतं. पण मूळ मुद्दा बदलत नाही. ही तपासणी गेल्या काही दिवसांबद्दल बोलते. माणूस वीस वर्षं तंबाखू खातोय की परवा पहिल्यांदाच खाल्ला, हे ती सांगू शकत नाही.

'मी सिगारेट ओढतच नाही, मग पॉझिटिव्ह कसा?'

हा प्रश्न विदर्भात जास्त लागू होतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. त्यात धूर नाही, पण निकोटिन आहे. चुन्यामुळे तोंडातलं वातावरण अल्कधर्मी होतं आणि त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात सहज उतरतं. दाढेत धरलेल्या तंबाखूचं आणि हिरड्यांना लावलेल्या मिश्रीचंही तसंच.

यकृताला हे निकोटिन कुठून आलं याच्याशी घेणं-देणं नसतं. विडीचं असो, खर्र्याचं असो की तपकिरीचं, त्याचं कोटिनिन एकसारखंच बनतं. त्यामुळे आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढलेला माणूस कोटिनिनच्या तपासणीत ठळकपणे पॉझिटिव्ह येऊ शकतो. रिपोर्ट चुकलेला नसतो. चुकलेला असतो तो 'तंबाखू म्हणजे धूम्रपान' हा समज.

याचा सर्वांत मोठा फटका कुठे बसतो? विम्यात

टर्म इन्शुरन्स काढताना कंपन्या वैद्यकीय तपासणी करून घेतात, तेव्हा त्यात अनेकदा लघवीतील कोटिनिनचाही समावेश असतो. तंबाखू घेणाऱ्यांसाठी हप्ता जास्त असतो. अर्जात गेल्या ठरावीक काळात 'कोणत्याही स्वरूपात' तंबाखूचं सेवन केलं का, असा प्रश्न असतो. त्यात चघळण्याचा तंबाखूही येतो.

पण अर्ज बऱ्याचदा एजंट भरतो. 'सिगारेट पिता का?' 'नाही.' झालं, 'नाही'वर खूण. खर्र्याचा विषयच निघत नाही. तपासणी झाली आणि कोटिनिन सापडलं, तर निदान गोष्ट तिथेच उघड होते. कंपनी हप्ता वाढवते किंवा अर्ज नाकारते. खरी अडचण होते ती तपासणी न करता मिळालेल्या पॉलिसीत. पुढे माणसाला तोंडाचा कर्करोग झाला, तो गेला, आणि हॉस्पिटलच्या कागदावर 'तंबाखू सेवनाचा इतिहास' असं लिहिलेलं असलं, तर दाव्याच्या वेळी अर्जातलं ते 'नाही' समोर येतं. तेव्हा उत्तर द्यायला तो माणूस नसतो. उत्तर द्यावं लागतं त्याच्या बायकोला.

कायदा काय म्हणतो? विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार जीवन विमा पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणाने आव्हान देता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून पॉलिसी रद्द होऊ शकते. फसवणूक नसून चुकीची माहिती असेल, तर भरलेले हप्ते परत करावे लागतात.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिलेत. २०१५ च्या एका प्रकरणात, दडवलेल्या आजाराचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. २०२० च्या एका प्रकरणात मात्र, विमा हा पूर्ण विश्वासावर उभा असलेला करार आहे आणि विचारलेली माहिती खरी देणं हे अर्जदाराचं कर्तव्य आहे, असं म्हणत न्यायालयाने कंपनीची बाजू मान्य केली. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध इतका थेट आहे की 'संबंध नव्हता' हा युक्तिवाद तिथे टिकणं अवघड.

मग करायचं काय? पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा 'फ्री लूक' काळ मिळतो. या काळात पॉलिसी परत करता येते. सोबत जोडलेल्या अर्जाच्या प्रतीत तंबाखूच्या प्रश्नासमोर काय लिहिलंय, हे तेवढ्यात वाचून घ्यावं. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवावं. हप्ता वाढेल, पण पॉलिसी ज्यांच्यासाठी काढली त्यांच्या उपयोगी पडेल.

तंबाखू न खाताही कोटिनिन सापडू शकतं का?

हो, काही बाबतीत.

पहिली बाब, निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच. तंबाखू सोडण्यासाठी डॉक्टर हे सुचवतात. त्यात तंबाखू नसतो, पण निकोटिन असतं. त्यामुळे तंबाखू प्रामाणिकपणे सोडलेला माणूसही पॉझिटिव्ह येतो. अशा वेळी अ‍ॅनाबेसिन नावाच्या दुसऱ्या घटकाची तपासणी करता येते. तो तंबाखूच्या झाडात असतो, पण औषधी च्युइंगममध्ये नसतो. मात्र ही तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते, मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते. म्हणून नमुना देतानाच 'मी निकोटिन गम घेतो' हे सांगून नोंद करून घेणं शहाणपणाचं.

दुसरी बाब, काम. ओल्या तंबाखूच्या पानांतून निकोटिन त्वचेवाटे शरीरात जातं. त्यातून मळमळ, उलटी, चक्कर असा त्रास होतो आणि त्याला 'ग्रीन टोबॅको सिकनेस' म्हणतात. तंबाखूचा भुकटा हाताळणाऱ्या विडी कामगारांच्या शरीरातही तो श्वासावाटे आणि त्वचेवाटे जातो. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात विडी कामगारांच्या लघवीचे नमुने तपासून या धोक्याचा अभ्यास केला होता. म्हणजे विड्या वळणाऱ्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर ती तंबाखू खाते असा थेट अर्थ काढता येत नाही. तिच्यासाठी तो व्यसनाचा नाही, कामाच्या जागेचा रिपोर्ट असू शकतो.

तिसरी बाब, दुसऱ्याचा धूर. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर इतरांच्या लघवीतही थोडं कोटिनिन सापडतं. पण ते साधारणपणे ५० नॅनोग्रॅमच्या खालीच असतं. '२०० च्या मर्यादेवर मी पॉझिटिव्ह आलो, कारण मित्र शेजारी ओढत होता' हे कारण सहसा पटणारं नाही.

आणि चौथी बाब, वांगं! वांगं, टोमॅटो, बटाटा या तंबाखूच्याच कुळातल्या भाज्या आहेत आणि त्यांत निकोटिनचा अंश असतो, हे खरं आहे. पण किती? वांग्यात साधारण किलोमागे १०० मायक्रोग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात जाणाऱ्या एक मिलिग्रॅमएवढं निकोटिन मिळवायला १० किलो वांगी खावी लागतील. भरताच्या ताटाने रिपोर्ट बिघडत नाही.

गरोदर बायकांच्या बाबतीत वेगळं काय?

इथे तपासणीचा उपयोग जास्त आहे आणि चुकीचा अर्थ लागण्याचा धोकाही जास्त आहे.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. या बायकांमध्ये मिश्री लावणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. आपल्याकडे अनेक जणी मिश्रीला दात घासण्याची सवय मानतात. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला त्या 'नाही' म्हणतात आणि त्यांच्या मते ते खोटं नसतं. म्हणून आशाताईंनी किंवा नर्सने 'मिश्री लावता का, मंजन कुठलं वापरता?' असं थेट नाव घेऊन विचारलं, तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

गरोदरपणात शरीर कोटिनिनही वेगाने बाहेर टाकतं. एरवी १६ तासांच्या आसपास असलेला निम्म्यावर येण्याचा काळ ९ तासांवर येतो. आपल्या आधीच्याच हिशेबात ३,२०० वरून २०० वर यायला ६४ तास लागले होते. गरोदर बाईला साधारण ३६ तासच लागतील. म्हणजे गरोदरपणातला 'निगेटिव्ह' रिपोर्ट फार तर गेल्या दीड-दोन दिवसांबद्दल बोलतो. 'बाईने तंबाखू घेतलाच नाही' असा त्याचा अर्थ होत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे धोका टळला?

ही या विषयातली सर्वांत धोकादायक गैरसमजूत आहे.

कोटिनिन निकोटिनपासून बनतं. सुपारीत निकोटिन नसतं. त्यामुळे नुसती सुपारी किंवा तंबाखू नसलेला पानमसाला चघळणाऱ्याचा रिपोर्ट स्वच्छ निगेटिव्ह येईल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. कर्करोगाच्या आधीची ही अवस्था लघवीत दिसत नाही.

तसंच, पंचवीस वर्षं खर्रा खाऊन मागच्या महिन्यात सोडलेल्या माणसाचा रिपोर्टही निगेटिव्ह येईल. त्याच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा मात्र तिथेच असेल.

तो चट्टा शोधायला लागतो उजेड, आरसा आणि बघणारा माणूस. केरळमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने लोकांच्या तोंडाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

म्हणजे तंबाखू खाणाऱ्याचा जीव वाचवण्याचं काम तोंडाची तपासणी करते, लघवीची नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, गिळताना त्रास यांपैकी काहीही असेल, तर कोटिनिनचा रिपोर्ट काहीही असो, दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात तोंड दाखवणं गरजेचं आहे.

मग ही तपासणी सगळ्यांचीच करावी का?

नोकरभरतीत तपासणी करा, शाळेत मुलांची तपासणी करा, अशा मागण्या अधूनमधून होतात. ऐकायला त्या कडक वाटतात. पण या तपासणीच्या मर्यादा पाहिल्या, तर तिच्यावर शिक्षा उभी करणं अवघड आहे. चार दिवस आधी तारीख कळली, तर रोज खाणाराही तंबाखू थांबवून सुटेल. उलट तंबाखू सोडण्यासाठी निकोटिन गम घेणारा पकडला जाईल.

मुलांच्या बाबतीत तर कायद्याचा रोख वेगळाच आहे. २००३ च्या कोटपा कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तो विकणं गुन्हा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही ठिकाणी दोषी विकणारा किंवा देणारा आहे, मूल नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तरीही शाळेजवळच्या पानठेल्यावर पुडी मिळत असेल, तर मुलांच्या लघवीचे नमुने गोळा करून विक्री थांबणार नाही.

तपासणीचा खरा उपयोग आहे तो तंबाखू सोडू पाहणाऱ्याला. दर आठवड्याला उतरत जाणारा आकडा समोर दिसला की हुरूप येतो. मध्ये एकदा घसरगुंडी झाली, तर आकडा वाढलेला दिसतो आणि समुपदेशकाशी त्यावर मोकळेपणाने बोलता येतं. पण हे तेव्हाच जमतं, जेव्हा रिपोर्टची भीती नसते.

थोडक्यात, रिपोर्ट हातात आला तर काय पाहायचं?

एक, मर्यादा किती धरली आहे : २०० की ५० की आणखी काही. दोन, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आहे की आकडाही दिलाय. तीन, क्रिएटिनिन मोजलंय का. चार, निकोटिन गम, पॅच किंवा तंबाखू हाताळण्याचं काम असेल तर त्याची नोंद आहे का. निकालाबद्दल शंका असेल, तर पट्टीवर थांबू नका. नेमका आकडा देणारी तपासणी मागा.

तंबाखू सोडायचा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा टोल फ्री क्रमांक आहे. तंबाखूच्या पुडीवरच तो छापलेला असतो. फोन करायला कुठलाही रिपोर्ट लागत नाही.